नटवर्य माफी मागतात

नटवर्यांचा अभिनय असा, की एकदा ते रंगमंचावर मेले तेव्हा पहिल्या रांगेतला डॉक्टर धावत वर चढला, नाडी लागेना म्हणून तिथल्या तिथे मृत्यूचा दाखला लिहू लागला. टाळ्या ऐकून नटवर्य उठून बसले, तेव्हा डॉक्टरच आडवा झाला. नाटकांत राजे आणि सिनेमांत न्यायाधीश गाजवलेला हा माणूस. पण पाठांतराच्या नावाने शंख! स्वतःचा पत्तासुद्धा अर्ध्यावर सुटायचा. विंगेतून एकेक वाक्य पुरवायची ती त्यांची बायको. सिनेमाला विंग नसते, म्हणून ती कधी पलंगाखाली, कधी कपाटात बसली. एका सिनेमात तर लाकडी विहिरीत उतरली.

आणि परवा टीव्हीवर नटवर्य छाती फुगवून म्हणाले, "स्मरणशक्ती ही माझी जन्मजात देणगी!"

बायकोने टीव्ही बंद केला आणि बॅग भरली. "आता देणगीच्या हातचा चहा प्या," म्हणाली आणि भावाकडे निघून गेली.

आज नटवर्य मेहुण्याच्या दिवाणखान्यात उभे होते, उलटा शर्ट घालून. काहीही करून तिला घरी न्यायचं होतं.

"प्रिये, या अपराध्याला एकदाच..."

"अंक तिसरा," भाच्याच्या शर्टाला बटण लावता लावता बायको म्हणाली. "तिथे तुम्ही गुडघे टेकता. टेका."

त्यांनी टेकले.

"वा, भावोजी!" मेहुणा.

"तू गप रे!" बायकोने भावाला दटावलं.

"तुझ्यावाचून ते घर म्हणजे नुसत्या भिंती गं..."

"विहिरीचा सिनेमा. आणि हे तुम्ही आईला म्हणालात, बायकोला नव्हे."

नटवर्य पुरते गोंधळले. त्यांनी मनात चाचपून पाहिलं. हाताला लागेल ते वाक्य दुसऱ्याचंच. हे राजाचं, हे दारुड्याचं, ते फाशीच्या कैद्याचं. रडू फुटत होतं, पण तेही कुणाचं तरी निघेल म्हणून त्यांनी गिळलं.

"अगं, मी... म्हणजे टीव्हीवर..." गाडी अडली.

बायकोचे ओठ आपोआप हलले. "मी खोटं बोललो."

"मी खोटं बोललो!" काय तो आवाज! खिडकीच्या काचा थरथरल्या.

"ती देणगी माझ्या बायकोची."

"ती देणगी माझ्या बायकोची!"

"नाटकाच्या जाहिरातीत तिचं नाव माझ्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"माझ्याएवढ्या? अगं, जरासं लहान..."

"वाक्य बदलायचं नाही."

"माझ्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत!"

मेहुणा डोळे पुसू लागला.

"आता बॅग उचला."

"आता बॅग उचला!" तिच्याकडे हात करून नटवर्य गरजले.

"अहो, हे म्हणायचं नाही. करायचं."

त्यांनी बॅग उचलली. जिना उतरताना मात्र डोक्यात भुंगा शिरला. माफी मागितली कुणी आणि दिली कुणी? ते मध्येच थांबले.

"खरंच माफ केलंस का गं?"

"हे कशातलं?"

"कुणास ठाऊक."

बायको पायरीवर थबकली. तिने सगळी नाटकं आठवली, सगळे सिनेमे उलटेपालटे केले. हे वाक्य कुठेच नव्हतं. नटवर्य तिच्या ओठांकडे बघत उभे होते, आणि तिला पुढचं वाक्य काही केल्या सुचेना.