तरंगनाथांची लाल शाल

रविवारी सकाळी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शेजारच्या श्रीपादच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. पंचवीस-तीस शिकलीसवरलेली माणसं एका कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसली होती. कॉम्प्युटरला हार, वर लाल शाल, पुढे उदबत्ती आणि शेजारी तरंगनाथ महाराज. हे महाराज म्हणे वायफायच्या लहरी उघड्या डोळ्यांनी बघतात! मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मला मेली एक लहर दिसली नाही.

चमत्कार असा होता. श्रीपाद-कल्पनाची लेक देविका आर्किटेक्ट. ती इमारतीचं चित्र कॉम्प्युटरवर गरगर फिरवून दाखवायला लागली, की आठ-दहा मिनिटांत नेट गुल. नुसतं बंद नाही, नेटवर्कचं कार्डच मशीनला सापडेनासं व्हायचं. घरातलं दुसरं कुणी तासभर बसलं, तरी नेट ठणठणीत. आणि सोमवारी सकाळी तिला हेच चित्र गुडगावच्या एका कंपनीला ऑनलाइन दाखवायचं होतं. नोकरीच्या मुलाखतीची शेवटची फेरी होती.

"देखा? मशीन कन्या को पहचानती है," महाराज डोळे मिटून म्हणाले. "इसके हाथ में राहु की तरंग है।"

उपाय काय, तर मुलाखत रद्द करायची आणि पोरीला चाळीस दिवस सोनीपतच्या आश्रमात सेवेला धाडायचं. कल्पनाने तिची बॅग भरूनसुद्धा ठेवली होती. देविका कोपऱ्यात उभी, रडून डोळे सुजलेले. माझं डोकंच फिरलं.

त्यात यशोधनही हात जोडून बसलेला! कल्पनाचा भाचा, माझाच विद्यार्थी, नोएडाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर पोट भरतो.

"काय रे, तू काय तपासलंस?" मी विचारलं.

"बाई, कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर तीनदा बदललं. विंडोज नव्याने टाकलं. कुछ नहीं मिला. मी बसलो की चालतं, ती बसली की जातं."

"तू बसून काय करत होतास?"

"मेल बघत होतो."

"आणि ती?"

"चित्र फिरवत होती."

"मग फरक माणसात आहे की कामात, शहाण्या?"

"माताजी, श्रद्धा में प्रश्न नहीं होता," महाराज मधेच बोलले.

"माताजी तुमच्या घरी! इथे खुर्चीत बसा. देविका, यांना तुझं चित्र लावून दे. बघू यांच्या हातून किती वेळ चालतं."

"हम यंत्र को छूते नहीं।"

पण पुढे बसलेले पद्माकरराव भक्तीने ओथंबलेले. "बैठिए ना महाराज! आपके हाथ से तो बिल्कुल चलेगा!" मागून सगळ्यांनी जयजयकार केला. भक्तांनीच गुरूला खुर्चीत बसवलं. मला हसू आवरेना.

चित्र फिरायला लागलं. पंखा घोंघावू लागला. महाराज माऊसला देवाच्या मूर्तीसारखं धरून बसले होते. नवव्या मिनिटाला नेट गेलं.

"आता राहू कुणाच्या हातात शिरला?" मी विचारलं.

"कन्या की छाया पड़ी है!"

छाया म्हणे! मी शालीखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. कॉम्प्युटरची पेटी तव्यासारखी तापली होती. शालीखाली कल्पनाने शिवलेलं जाडजूड कव्हर. दिल्लीच्या धुळीपायी या घरात मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना कपडे आहेत. या पेटीला तर अस्तर लावून मागच्या बाजूला नाडीसुद्धा बांधलेली.

"कल्पना, शुक्रवारी हे महाराज आले होते, तेव्हा देविकाच्याच हातून नेट तासभर चाललं होतं ना?"

"हो. म्हणाले, माझ्या सान्निध्यामुळे शांत आहे."

"तेव्हा कव्हर होतं?"

"नाही. पूजेसाठी त्यांनी काढायला लावलं. जाताना स्वतःच्या हाताने परत घातलं, वर शाल." ती थांबली. "भानुमतीताई, त्यांच्या शिष्याने आधी फोनवर विचारलं होतं, मशीन झाकलेलं असतं का म्हणून."

म्हणजे खरी गोम महाराजांना आधीच ठाऊक होती! यशोधन उठला, त्याने कव्हर ओढून काढलं, पेटीचं झाकण उघडलं. "बाई, मी गाढव आहे," तो म्हणाला. चित्र फिरवण्याचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड जोरात चाललं की भट्टीसारखं तापतं. त्याच्या अगदी खालीच नेटवर्कचं कार्ड. गरम हवा बाहेर जायलाच वाट नाही, मग ते छोटं कार्ड तापून बंद पडतं. मेल वाचताना एवढी उष्णता होतच नाही. यशोधनने ते कार्ड तिथून काढून लांबच्या खाचेत बसवलं.

देविका खुर्चीत बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. इमारत फिरत राहिली, नेट चालू राहिलं. महाराज कधी सटकले ते पद्माकररावांनाही कळलं नाही.

कल्पना रडायला लागली. "माझ्या कव्हरमुळे झालं गं सगळं!"

"कव्हरचं काही नाही, आई," देविका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "तू माझी बॅग भरलीस. मला एकदा विचारलंसुद्धा नाहीस."

श्रीपाद मान खाली घालून बसला. मी त्यांची समजूत घालायला गेले नाही. लेक खरं तेच बोलली होती.

आता तुम्हाला सांगते. यंत्र बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. डॉक्टर हेच करतो, मेकॅनिक हेच करतो. आणि उद्या कुणी तुमच्या लेकीच्या हातात दोष आहे म्हणालं, तर तिला कुठे धाडायच्या आधी तेच काम त्या सांगणाऱ्याच्या हातून करून घ्या.