एल्विराबाईंची गाजरं

"पाणी? लोणच्यात पाणी?" मधुमतीबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "नीट विचार रे एकदा. तुला भाषा कळली नसेल."

नकुलने पुन्हा विचारलं. त्याचं स्पॅनिश बेताचंच होतं, लग्नाआधी वर्षभर संध्याकाळच्या क्लासला जाऊन शिकलेलं. पलीकडून, मेक्सिकोतल्या पुएब्लाहून, त्याच्या सासूबाई एल्विरा मोठमोठ्याने सांगत होत्या. फोन नकुलच्या कानाला होता, तरी मधुमतीबाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. कळत मात्र एकही नव्हता.

"पाणीच, आई. जितकं व्हिनेगर तितकंच पाणी. आधी गाजरं, कांदा, सोललेला अख्खा लसूण तेलात परतायचा. हिरव्या मिरच्यांना नुसती चीर द्यायची. मग मिरी, तमालपत्र, ओरेगानो, मीठ. मग ते व्हिनेगर आणि पाणी, आणि उकळी काढायची."

"म्हणजे रस्साभाजीच झाली की ती."

"असू दे ना. रोसिओला तशीच हवीयेत."

"बरं, बरं. गाजर शिजवायचं किती, ते विचार."

नकुलने विचारलं. पलीकडून लांबलचक उत्तर आलं आणि येता येता मध्येच कुठेतरी त्या आवाजाचं रूप पालटलं. नकुल म्हणाला, "दाताखाली आवाज आला पाहिजे म्हणतात." मग तो नुसताच ऐकत राहिला. मान हलवत राहिला. एकाएकी त्याने फोन आईच्या हातात कोंबला.

"मला नाही जमत, आई. तू घे."

"अरे, मी काय बोलू त्यांच्याशी?"

पण तो मागचं दार उघडून पायमोज्यांवरच बागेत गेला आणि कुंपणाच्या फळ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

मधुमतीबाई नागपूरहून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आल्या होत्या त्या सुनेच्या बाळंतपणासाठी. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. रोसिओला आठवा महिना लागला होता. बाईंच्या बॅगा पुरत्या रिकाम्याही झाल्या नव्हत्या, तोच एका सकाळी रोसिओ जिन्यात उभी राहून म्हणाली, बाळ हलत नाहीये. इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी बाळ जन्मलं ते गेलेलंच. मुलगी होती. तिचं नाव आधीच ठरलं होतं, नीना. दोन्ही घरांत चालेल, दोन्ही आज्यांच्या जिभेवर बसेल असं नाव शोधायला दोघांनी किती डोकं खाजवलं होतं. एका पावसाळी सकाळी छोटीशी पांढरी पेटी पुरून आले. पुएब्लाहून कुणी येऊ शकलं नाही. एल्विराबाईंचा नवरा अर्धांगाने खाटेवर होता, त्याला कुणाच्या भरवशावर टाकणार?

त्या दिवसापासून रोसिओ वरच्या खोलीतून खाली उतरली नव्हती. नकुल ताट वर न्यायचा आणि तसंच खाली आणायचा. मधुमतीबाईंनी वरण-भात केला, सूप केलं, पातळ खिचडी केली. सगळं परत आलं. काल रात्री मात्र रोसिओने पहिल्यांदा काही मागितलं, आपल्या आईच्या हातची तिखट गाजरं.

तर आता फोनवर तीच आई रडत होती.

ट्रंक कॉलच्या जमान्यात नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मधुमतीबाईंनी नोकरीला सुरुवात केली होती, आणि तिथूनच त्या रिटायर झाल्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी जन्मभर इकडची माणसं तिकडच्या माणसांना जोडून दिली. मरणाच्या बातम्या ऐकल्या, मोडलेली लग्नं ऐकली, मुलगा झाल्याच्या आरोळ्या ऐकल्या. पहिल्या दिवशी सुपरवायझरने सांगितलं होतं, लाइन जोडायची आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. बाईंनी ते असं पाळलं की पुढे घरात, नात्यागोत्यातही त्या तशाच झाल्या. कुणाच्या मध्ये पडायचं नाही. आपण बाजूला उभं राहायचं.

आता बाजूला व्हायला जागाच नव्हती. पलीकडे एक बाई हुंदके देत होती आणि अलीकडे त्या एकट्याच होत्या.

"रडा," त्या मराठीत म्हणाल्या. "रडून घ्या बाई. मी आहे इथे."

पलीकडून उत्तरादाखल शब्दांचा लोंढा आला. त्यातला एकच त्यांना ओळखीचा वाटला. नीना, नीना. सारखी नीना. बाईंनीही "नीना, हो, नीना" म्हटलं आणि त्यांचा स्वतःचाही बांध फुटला. दोघी आपापल्या भाषेत रडत असतानाच कॉलिंग कार्डावरची मिनिटं संपली आणि फोन आपोआप बंद पडला.

नकुल आत आला, तेव्हा त्याचे मोजे चिखलाने भरले होते.

"किती रडून राहिल्या होत्या रे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "सारखं आपल्या नीनाचं नाव घेत होत्या."

"नीना नाही, आई. नीन्या. म्हणजे पोरगी. 'मी नीन्या' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'माझी पोरगी'." तो मोजे काढत खालीच बसला. "त्या रोसिओबद्दल बोलत होत्या."

मधुमतीबाईंनी जिन्याकडे बघितलं. इतके दिवस त्या नातीसाठी रडल्या होत्या. लेकाचं तोंड बघून रडल्या होत्या. पण वरच्या खोलीत निजलेली ती कुणाची तरी पोरगी आहे, असं काही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नकुल कामावर गेला. त्याची रजा संपली होती. जाताना म्हणाला, "दुपारी फोन करतो. तिने खाल्लं तर सांग."

घर शांत झालं. बाईंनी साडीवर स्वेटर चढवला, पदर खोचला आणि गाजरं धुतली. इथली गाजरं नागपूरच्या हिवाळ्यातल्यासारखी लाल नव्हती, नारिंगी होती आणि सगळी एका मापाची. त्यांच्या तिरक्या चकत्या केल्या. कांद्याच्या जाड फोडी केल्या, लसूण सोलला, मिरच्यांना चिरा दिल्या. मग मेजवर स्वच्छ फडकं पसरून गाजरांचं पाणी टिपून काढलं. एवढ्यावरही समाधान होईना, तेव्हा चकत्या खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरशेजारी ताटात वाळत ठेवल्या. हे एल्विराबाईंनी सांगितलेलं नव्हतं. पण लोणच्याला ओला हात लागू द्यायचा नाही, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं होतं की हात ऐकेनात.

तेल तापलं. गाजरं, कांदा, लसूण परतून झाला. मिरच्या टाकल्या तसा खकाणा उठला. बाईंना ठसका लागला. मिरी, तमालपत्र, ओरेगानोचा चुरा पडला. व्हिनेगरची बाटली मोजून ओतली, तर ती आंबट वाफ थेट डोळ्यांतच गेली. राहिलं पाणी. पेला भरलेला होता. त्यांनी तो उचलला, पातेल्यावर धरला आणि पुन्हा ओट्यावर ठेवला. पाण्याने लोणचं नासेल. पोरीच्या नाजूक पोटात नासकं कशाला जायला हवं? शिवाय पाण्याने असा कितीसा फरक पडणार आहे?

इतक्यात छतावरचा धुराचा अलार्म कर्कश वाजायला लागला.

बाईंनी गॅस बंद केला, खिडकी उघडली, टी-टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालायला लागल्या. आवाज थांबेना. उड्या मारून बघितल्या, हात पोचेना. आपल्या घरात आकांत झाल्यासारखं ते यंत्र बोंबलत होतं आणि त्या खाली उभ्या राहून त्याला हात जोडायच्या बाकी राहिल्या होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. रोसिओ आली. गाऊन चुरगळलेला, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिने खुर्ची ओढली आणि वर चढली.

"अगं, उतर! बाळंतीण आहेस तू, उतर खाली!" बाई मराठीतच ओरडल्या आणि तिचे पाय घट्ट धरून उभ्या राहिल्या. बाळंतीण हा शब्द आपण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उच्चारला, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

रोसिओने बटण दाबलं. आवाज थांबला. खाली उतरून ती त्याच खुर्चीवर बसली आणि पातेल्याकडे बघत राहिली.

"झाली?" तिने इंग्रजीत विचारलं. दोघी एकमेकींशी इंग्रजीतच बोलायच्या. रोसिओचं चांगलं होतं, बाईंचं शाळेतलं आणि एक्स्चेंजमधलं. पण 'आई' हे मात्र ती मराठीतच म्हणायची.

"गरम आहेत अजून. मुरायला हवीत."

"असू देत. द्या."

बाईंनी वाटीत चार चकत्या वाढल्या. रोसिओने एक तोंडात टाकली. करकर आवाज झाला. रोसिओने डोळे मिटले, मग उघडले.

"पाणी नाही घातलंत," ती म्हणाली.

"नाही."

"माझी आई घालते."

"हो. त्यांनी सांगितलं होतं."

"मग का नाही घातलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. त्यामुळे बाईंनी सरळ जे खरं ते सांगितलं.

"आमच्याकडे नाही घालत."

रोसिओ त्यांच्याकडे बघत राहिली. "हॉस्पिटलमध्येही तुम्ही हेच म्हणालात, आई. आमच्याकडे नाही बघत."

इस्पितळात त्या दिवशी मधुमतीबाई खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. नर्स बाहेर आली आणि हळूच म्हणाली, आजींना बाळाला बघायचंय का, घ्यायचंय का? आत नकुल आणि रोसिओ बाळाला घेऊन बसले होते. बाईंना एकदम त्यांची जाऊ नंदा आठवली. तिचं पहिलं असंच झालं होतं, तेव्हा घरातल्या मोठ्या बायांनी तिला बघू दिलं नव्हतं. बघितलं नाही की विसरायला सोपं जातं, म्हणाल्या होत्या. तेव्हा मधुमतीबाईही त्या बायांत उभ्या होत्या. म्हणून त्या नर्सला म्हणाल्या, नको, आमच्याकडे बघत नाहीत. त्यांना वाटलं होतं दाराशी आपण दोघीच आहोत. आत ऐकू गेलं असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"मी..." त्यांनी सुरुवात केली. पुढचं इंग्रजी सुचेना. मराठीतही सुचलं असतं की नाही, कोण जाणे. "मी घाबरले होते."

"मीही घाबरले होते," रोसिओ म्हणाली.

मग ती खायला लागली. वाटीतल्या चकत्या संपल्या, तेव्हा उठून पातेल्यातल्या घेतल्या. एकामागून एक, हातानेच, मिरच्यांसकट. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबेना. "हळू, बेटा," बाई म्हणाल्या, "पोटात काही नाही तुझ्या." पातेलं ओढून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण इतक्या दिवसांनी पोरगी खात होती. थांबवावं की खाऊ द्यावं, हेच त्यांना ठरवता येईना. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

शेवटी व्हायचं तेच झालं. रोसिओ सिंककडे धावली आणि सगळं उलटून पडलं. बाईंनी एका हाताने तिचे केस मागे धरले, दुसऱ्या हाताने पाठ चोळली. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. ती शांत झाल्यावर बाईंनी मघाचा तोच पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला.

"मी पुन्हा करते. पाणी घालून करते."

"करा," रोसिओ म्हणाली, हट्ट करणाऱ्या लहान मुलाला हो म्हणावं तसं.

बाईंनी धीर केला. "तिचा फोटो आहे ना तुझ्याकडे? इस्पितळातला? मला दाखवशील?"

रोसिओने मान हलवली. "नाही, आई."

"बरं."

"रागाने नाही म्हणत." तिने गाऊनच्या बाहीने तोंड पुसलं. "मी घेतली तेव्हा ती गरम होती. माझ्याच अंगाची ऊब होती, पण गरम होती. फोटोत तसं काही कळत नाही. फोटोत ती फक्त गेलेली आहे. तुम्हाला ती तशी नको दिसायला."

मधुमतीबाईंनी मान खाली घातली. ती गेलेली वेळ आता कुणालाच परत जोडून देता येणार नव्हती.

मान खाली गेली म्हणूनच त्यांना दिसलं. रोसिओचा गाऊन छातीवर दोन्हीकडे ओला झाला होता. सिंकच्या पाण्याने नव्हे. ते डाग त्यांच्या डोळ्यांदेखत पसरत होते. रोसिओनेही खाली बघितलं आणि दोन्ही हात छातीवर आवळले.

"थांबतच नाही हे दूध," ती म्हणाली. "नर्स म्हणाली थांबेल. रात्री पलंग भिजतो. दुखतं. नकुलला मी सांगत नाही, तो लगेच रडतो."

"मला का नाही सांगितलंस?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

बाई वर गेल्या. बाळासाठी आणलेल्या दुपट्यांना त्यांनी हात लावला नाही. आपल्या नेसणीतली एक सुती साडी काढली, दात लावून काठापाशी फाडली आणि दूध ओसरावं म्हणून छातीला बांधायला रुंद पट्टा केला. खाली येऊन स्वयंपाकघराचं दार लोटलं, खिडकी लावली. रोसिओने गाऊन खांद्यांवरून खाली सोडला आणि काही न विचारता दोन्ही हात वर केले.

बाईंनी पट्टा छातीवरून घेतला, पाठीमागून फिरवला, पुन्हा पुढे आणला. स्वतः तिच्याभोवती फिरत राहिल्या. स्वयंपाकघरात व्हिनेगरचा वास भरून राहिला होता. नकुलचा फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. दोघींपैकी कुणीही तो उचलला नाही.

"घट्ट झालं?"

"अजून."

बाईंनी आणखी ओढलं. रोसिओने दात आवळले, पण हात खाली घेतले नाहीत.

"आता?"

"हो. आता."

मधुमतीबाईंनी गाठ मारली आणि ती सरकवून बाजूला, काखेखाली घेतली, झोपताना टोचू नये म्हणून.