रुपरावांच्या विहिरीची शेवटची पायरी

विहीर खोदली रुपरावांनी, तिला दगडी पायऱ्या बांधल्या त्यांचे पुत्र मनोहररावांनी, आणि त्या पायऱ्यांवर दर पाडव्याला नारळ फोडण्याचा मान मिरवला मनोहररावांचे पुत्र नानाजींनी. या नानाजींची मी पत्नी, जिजाबाई. नारूवरील संशोधनासाठी ज्याला सुवर्णपदक मिळाले, तो डॉक्टर गोपाळराव आमचा एकुलता एक मुलगा. नरखेडकडच्या आमच्या गावात कोणालाही घराण्याची ओळख विचारा. संत्र्याच्या बागेआधी तो अंगणालगतची विहीर दाखवील.

गोपाळ तान्हा असताना माझ्या घोट्यातून नारू निघाला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी फोड येतो, मग निखारा ठेवल्यासारखी आग होते, आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत जंत बाहेर डोकावतो. तो काडीवर रोज थोडाथोडाच गुंडाळायचा. ओढला तर तुटतो, आणि आत राहिलेला तुकडा पाय सडवतो. मी अंथरुणाला खिळले, अंगावरचे दूध आटले. शेजारची प्रयागबाई स्वतःच्या पोरासोबत गोपाळलाही पाजू लागली.

पुढल्या उन्हाळ्यात तिच्या पायात नारू निघाला. काडी पायाला बांधून ती ओसरीवर बसली होती, तोच रांगता गोपाळ विहिरीच्या पायऱ्यांकडे गेलेला तिला दिसला. ती धावली. गोपाळ वाचला, नारू तुटला. तिचा पाय गुडघ्यात आखडला तो कायमचा.

आम्ही तिला शेत देऊ केले. ती म्हणाली, "पायाचं मोल शेतानं होते का, बाई? ठेवा तुमच्यापाशीच. लागन तवा मागन."

तिच्या लंगडण्याकडे पाहतच गोपाळ वाढला. नागपूरला शिकला आणि तिथल्याच प्रयोगशाळेत त्याने आयुष्य घातले. पदक मिळाले त्या वर्षी तो मला तिथे घेऊन गेला. हारतुरे पाहायला मिळतील या समजुतीने मी ठेवणीतले लुगडे नेसले होते. त्याने मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले.

"माय, पाह्य."

पाण्याच्या थेंबात एक किडा उड्या मारत होता. त्याच्या पोटात काहीतरी वेटोळे घालून हलत होते.

"कोठलं पाणी हे?"

"आपल्या विहिरीचं. फोडाचा पाय पाण्यात बुडला की नारू पिलं सोडते. हा किडा ते पिलं खाते, अन् हा किडा आपण पितो. वर्षभरानं पायातून नारू निघते. माय, पायऱ्या बुजव. वर रहाट लाव. पाण्याले पायच लागला नाही तर नारू संपला."

"तुह्या आजानं बांधलेल्या पायऱ्या हायेत त्या. मी जित्ती हाय तोवर एक दगड हलणार नाही."

"मग गाळून तरी प्या."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी प्यायचे नाही, असा मी हुकूम केला. तरीही प्रत्येक घोटासरशी घशाखाली काही वळवळल्याचा भास होई. हे मी कोणाला सांगितले नाही. या घरात भिण्याची मुभा मला नव्हती.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात प्रयागबाईची नात जयवंता माहेरी बाळंत झाली. आमच्याकडे सव्वा महिन्याने बाळंतीण विहीर पूजते. शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी राहून खण-नारळ वाहते. पूजेचे तबक पाटलाच्या, म्हणजे आमच्या घरचे असते, म्हणून मी वर उभी होते. काठावर साऱ्या गावाच्या घागरी मांडलेल्या होत्या. जयवंता भराभर उतरू लागली.

"एवढी घाई काहून वं?" एक जण हसली. "विहीर पळून राहिली का?"

"पाय पोळून राहिले ना, काकू! ऊन का कमी हाय?"

बायका खिदळल्या. मी मात्र हसले नाही. सकाळच्या त्या वेळी पायऱ्यांवर सावली होती. दगड गारठलेले होते. मी तिच्या पावलांकडे पाहिले. डावी टाच ती टेकवत नव्हती. पैंजणाखाली पिवळसर, टचटचीत फोड होता.

"जयवंता, थांब!"

"एकदा बुडवू द्या, आजी. लय आग होऊन राहिली."

त्या आगीला पाण्याची किती ओढ असते हे मला ठाऊक होते. तबक टाकून मी उतरले आणि तिचा दंड धरला. पाऊल पाण्यापासून वीतभर वर होते. वर कुजबुज उठली, पूजा मोडली, अपशकुन झाला. तेवढ्यात प्रयागबाई लंगडत पहिल्या पायरीवर आली. तिने नातीचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

"बाई, लागन तवा मागन म्हटलं होतं. आज मागते. ईचा पाय साबूत द्या मले."

निरोप मिळताच गोपाळ पहिल्या एसटीने आला. जयवंताचा बिछाना मी माझ्या ओसरीवर घातला. तो तिचा पाय घमेल्यातल्या पाण्यात बुडवी, ते पाणी दूर कोरड्या जमिनीवर ओतायला लावी आणि काडीला एक वेढा देई. बाळ रडले की जयवंता दचके. प्रयागबाई तिची पोटरी घट्ट धरून बसे.

एके दिवशी गोपाळचा हात थांबला.

"काहून थांबला गा?"

"तटला. जोर केला तर तुटन."

कपाळावरचा घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता. प्रयागबाईने डोळे मिटले. ओल्या फडक्याखाली पाय ठेवून आम्ही वाट पाहिली. संध्याकाळी तो जंत पुन्हा सैल पडला.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावले. शेवटच्या पायरीवर माझ्या हाताने नारळ फोडला आणि तीच पायरी आधी बुजवायला सांगितली. गवंडी माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"पाह्यतो काय? लाव दगड!"

पायऱ्या बुजल्या, रहाट बसला, तेव्हा कुठे काडीवरचा शेवटचा वेढा पडला. गोपाळने जंताचे टोक भिंगाखाली उलटसुलट तपासले.

"पुरा निघाला," तो म्हणाला, आणि ती काडी त्याने प्रयागबाईच्या तळहातावर ठेवली.

जखम भरल्यावर जयवंता बाळाला कडेवर घेऊन अंगण ओलांडून रहाटाकडे गेली. दोन्ही टाचा टेकवत. प्रयागबाई तिच्या पावलांकडे पाहत राहिली. मग आखडलेला पाय हाताने पुढे घेऊन माझ्याकडे वळली.

"फिटलं, बाई. पुरं फिटलं."