शेवटची पाच अक्षरे

मी एक जुनी, शर्टाच्या खिशात मावणारी डायरी आहे. चंद्रपूरच्या एका बाइंडिंगवाल्याकडे माझी पाने शिवली गेली. मित्रांनो, मला कुणी मारले नाही की फाडले नाही. तरी माझ्या एका पानाची मला आजही लाज वाटते.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात काम करणाऱ्या लटारूभाऊंचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांच्या मुलीने, दिव्यानीने, मला विकत आणले. "बाबा, रोज सकाळी एकच गोष्ट शांत बसून पाहा. मंग ते तीन ओळींत लिहा. पाच, सात, पाच अक्षरं. जास्त नाई," ती म्हणाली.

सकाळची बुद्धवंदना झाली की लटारूभाऊ क्वार्टरच्या पायरीवर बसत. सुरुवातीला अक्षरांशी नुसती झटापट चाले. पण हळूहळू त्यांचा श्वास संथ झाला. बाजूला त्यांची बायको, सुगंधाबाई, तांदूळ निवडत बसे. ती शाळेत गेली नव्हती. पण ती सावली तालुक्यातली, भाताच्या रोवण्याची गाणी म्हणत वाढलेली. पाच-सात-पाच तिच्या बोटांवर आपोआप पडे.

एका सकाळी लटारूभाऊंनी लिहिले:

उंच चिमणी
दिवसरात्र धूर

पुढे काही सुचेना. सुगंधाबाईने मान वर करून पाहिले आणि सूप हलवता हलवता म्हणाली, "घरटं नाई."

लटारूभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी ती ओळ माझ्यावर उतरवली. 'नाई'चे 'नाही' केले, एवढेच.

ती कविता वसाहतीच्या अंकात छापून आली. अंकाच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात वीजकेंद्राच्या मोठ्या साहेबांनी ती दोनदा वाचली. "शेवटच्या ओळीने तर काळजाला हात घातला!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या. लटारूभाऊंच्या खांद्यावर शाल आली. मी त्यांच्या खिशात होते, आणि खरे सांगते, मीही फुगले. सुगंधाबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी जाताना ती म्हणाली, "ते माही ओळ होती म्हणून तुमी काऊन नाई सांगतलं?"

"एवढ्या लोकायसमोर कसं सांगू? अन् एक ओळच त होती."

"एकच होती. पण माही होती."

दुसऱ्या दिवसापासून ती तांदूळ आत निवडू लागली. लटारूभाऊ दारातून हाक मारत, "सुगंधा, पाच अक्षरं दे ना व." ती म्हणे, "मले नाई येत. कवी तुमी हाये."

ती भांडली असती तर बरे झाले असते. लटारूभाऊ आणखी महिनाभर पायरीवर बसले. समोरचे झाड बघत, पण दिसत काहीच नसे. ओळी मोजून बरोबर येत आणि त्यात जीव नसे. मग मी गोळ्यांच्या पाकिटांखाली ड्रॉवरमध्ये गेले. तिथे मी सात वर्षे होते.

ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान बांधताना मी दिव्यानीच्या हाती लागले. तिने चिमणीच्या कवितेचे ते पान मोठ्याने वाचले. लटारूभाऊ खाली बसले आणि त्यांनी लेकीला सगळे सांगितले.

"बाबा, मले सांगून काय फायदा? आईले सांगा."

त्यांनी पेन घेतले. शेवटच्या ओळीपुढे 'सुगंधा' असे लिहिले आणि मला घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती भांडी बांधत होती. तिने अक्षरांवरून बोट फिरवले.

"हे माहं नाव हाये?"

"हो."

"त्या छापलेल्या पुस्तकात?"

"नाई. यातच. माहं चुकलं, सुगंधा."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने पुढचे गाठोडे बांधायला घेतले.

मित्रांनो, माझी निम्मी पाने अजून कोरी आहेत. दुसऱ्याचा शब्द आवडला तर जरूर घ्या. पण त्याचे नाव त्याच दिवशी, त्याच लोकांसमोर, मोठ्याने घ्या. उशिरा लिहिलेले ते नाव मी नीट जपले आहे. ते वाचायला कोणी येत नाही.