बैठ्या घराची आखणी

नकाशावाल्यांनी जन्मभर लोकांची घरं कागदावर काढली आणि स्वतः मात्र भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर म्हातारे झाले. त्यांच्या बायकोला शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता. मधल्या वळणावर बसून ती म्हणायची, एवढी घरं काढलीत, त्यातलं एखादं बैठं घर आपल्यासाठी ठेवायचं होतंत. ती गेली आणि त्याच वर्षी त्यांनी वस्तीबाहेरच्या आपल्या मोकळ्या जागेवर घर बांधायला घेतलं. लोकांना वाटलं, बायकोची आठवण म्हणून. तसं नव्हतं. घर लेकीसाठी होतं.

लेकीला तिचा नवरा मारायचा. तिने कधी तोंडातून काढलं नाही. कपाटाचं दार लागलं, मोरीत पाय घसरला, असंच चाललेलं. तिच्या आईला सगळं ठाऊक होतं. अंथरुणाला खिळल्यावर तिने नवऱ्याकडून एकच कबूल करून घेतलं, की पोरीला डोळ्यांसमोर आणा. म्हणून नकाशावाले जावयाच्या मागे लागले. एकत्र राहू, ऐसपैस काढतो, तुमच्या मनासारखं. जावई टायरच्या दुकानात कामाला. मनगटं जाडजूड, बोलणं साखरेचं. आयतं घर मिळतंय म्हटल्यावर कशाला नाही म्हणेल?

मग नकाशावाले कागद घेऊन बसले. असा नकाशा त्यांनी कधी काढला नव्हता. कुठे अंधारा बोळ ठेवला नाही. प्रत्येक खोलीला दोन दारं. लेकीच्या खोलीला खेटून आपली खोली आणि मधली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे पलीकडे कुणी खोकलं तरी कळावं. स्वयंपाकघर मधोमध. आपली खुर्ची अशा जागी, की बसल्या बसल्या सगळी दारं दिसावीत. हात उठायला आडोसा लागतो. आडोसाच ठेवला नाही तर उठणार कसा, असा त्यांचा हिशेब.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. पाया खणण्याआधी ते अख्खं घर चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापात आखायचे. पांढरी रेघ म्हणजे भिंत, रेघ तुटली की दार. मग घरच्यांना म्हणायचे, आता जरा राहून दाखवा. बाईने चहा ठेवायचा, पाहुण्याने बाहेरच्या खोलीत बसायचं, कुणी अंघोळीला जायचं. कुठे अडतंय ते अशाने लगेच कळतं. पण रेघ ओलांडून गेलेलं त्यांना खपायचं नाही. भिंतीतून भुतं जातात, माणसांनी दाराने यावं, म्हणून ओरडायचे. लेक या खेळातच लहानाची मोठी झाली होती. घाईत असली तरी ती वळसा घालून दारानेच जायची.

आखणीच्या दिवशी तिने मुलांना शेजारी ठेवलं आणि दोघं नवराबायको जागेवर आली. जावई खुशीत होता. न बांधलेल्या न्हाणीघरात उभा राहून त्याने टॉवेल झटकल्याचं सोंग केलं, बायकोला म्हणाला, पाणी गार आहे गं. तीसुद्धा हसली. नकाशावाले आपल्या जागी खरीखुरी खुर्ची मांडून बसले होते. फक्कीची बादली, फावडं, पाण्याचं पिंप, सगळं सामान आसपासच पडलेलं. त्यांना वाटलं, जमतंय.

मग जावई झोपायच्या खोलीत आला.

"मामा, ही आमची खोली आहे का धर्मशाळा? दोन दारं कशाला?"

नकाशावाले म्हणाले, हवा खेळती राहते. जावई म्हणाला, हवेला खिडकी आहे की. मागचं दार बुजवून टाका. लेक खालमानेने म्हणाली, राहू दे ना ते.

"का गं? कुठे पळायचंय?"

त्याने फक्कीची बादली उचलली, मागच्या दाराच्या जागी जाडसर रेघ ओढली आणि हात झटकत म्हणाला, झालं, लागलं दार. लेक पुढे गेली आणि तिने चपलेने ती रेघ पुसली. एवढंच केलं तिने.

जावयाने तिच्या कानाखाली वाजवली. तिचं डोकं हलायच्या आत उलट्या हाताने दुसरी. तिचा ओठ फुटला. केसांना धरून त्याने तिला खोलीत ओढलं, भिरकावलं, आणि ती उठून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. दोन रेघा जिथे मिळत होत्या तिथे, डोक्यावर हात घेऊन, पाठ मागच्या भिंतीला लावून. मागे भिंत नव्हती. मागे उघडं माळरान होतं, पार रस्त्यापर्यंत. तरी ती तिथून हलेना, आणि तो पोटात लाथ घालत होता.

नकाशावाल्यांना खुर्चीतून सगळं दिसत होतं. जसं दिसावं म्हणून आखलं होतं, अगदी तसं. जावयाने मध्येच एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा लाथ घातली.

खुंट्या ठोकायचा हातोडा घेऊन ते धावले. पण जन्माची सवय ती, म्हातारा स्वयंपाकघरातून वळसा घालून दाराने धावला. तेवढ्यात लेक गुडघ्यावर आली होती. त्यांनी हातोडा हाणला तो जावयाच्या खांद्याला ओझरता लागला. जावयाने तो हिसकला, म्हाताऱ्याच्या छातीवर मूठ मारून त्यांना आडवं पाडलं आणि वर गुडघा रोवून बसला.

"जावयावर हात टाकता, मामा?" असं म्हणत त्याने बादलीतली मूठभर फक्की त्यांच्या तोंडावर चोळली.

डोळ्यांत निखारे घातल्यासारखं झालं. श्वास घेतला तो चुन्याचाच. नकाशावाले आंधळ्यासारखे ओरडले, "पोरी, पळ. मागे भिंत नाहीये गं. कुठलीच भिंत नाहीये, पळ."

पळाल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने फावडं जमिनीवरून ओढल्याचा आवाज आला. मग ओलं लाकूड फुटावं तसा एक आवाज, आणि जावई असा ओरडला, की त्यांनी माणसाचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. छातीवरचं ओझं निघालं. फावडं पुन्हा बसलं. पुन्हा. जावई आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारायला लागला, मग नुसता कण्हायला. फावडं थांबेना.

नकाशावाले चाचपडत सरकले. लेकीचा घोटा हाताला लागला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"सोडा, बाबा."

"मरेल तो."

"मरू दे."

पण त्यांनी पाय सोडला नाही, आणि ती त्यांना लाथाडू शकली नाही. उभ्या उभ्या धापा टाकत राहिली. मग त्यांना काखेत धरून पिंपाजवळ नेलं, मान मागे केली आणि डोळ्यांत पाणी ओतायला लागली.

"कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याकडे सरपटतोय. पायाचं हाड मोडलंय. हातपण गेला असेल."

ते म्हणाले, पोलिसांना सांगू की मी मारलं, हातोडा माझाच आहे. ती नको म्हणाली. आधी दवाखाना, मग पोलीस, आणि तिथे तीच सांगणार होती, पहिल्या दिवसापासूनचं सगळं.

"तो परत येईल गं."

"येईल. तुम्ही म्हणता पळ. कुठवर पळू?" तिने त्यांची पापणी बोटाने उघडली. "आमची झोपायची खोली काढून टाका. मी मुलांजवळ झोपेन. आणि बाहेरचं दार जाड घ्या."

त्यांनी मान हलवली. डोळे अजून धगधगत होते, पण पाण्यातून पुसटसं काहीतरी दिसायला लागलं होतं. लेकीच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. तिचं तोंड रस्त्याकडे होतं. एका हाताने ती पाणी ओतत होती. दुसऱ्या हातात फावडं तसंच होतं.