ज्याचं पाणी काळं तो थोरला

आमच्या गावच्या क्लबघरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जो तो पाय बुडवायलाच आला होता. मंचावर प्लास्टिकचा टब, पाण्यात दोन लोखंडी सळ्या, सळ्यांना गाडीची बॅटरी जोडलेली आणि शेजारी राजधानीहून, बिश्केकहून आलेले मेलिस वैद्य. पाय पाण्यात सोडायचे, खटका दाबायचा. दहा मिनिटांत पाणी तांबूस, मग काळपट.

"हे तुमचं विष!" वैद्य गरजायचे. "परदेशातले शास्त्रज्ञ विद्युतक्षेत्राने रेणूंना हवं तसं वळवतात. मी तेच तुमच्या यकृतात करतो!"

कोणाला काही कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांना पटत होतं.

मी सालिमा, इथली नर्स. माझ्या दवाखान्यात चिटपाखरू फिरकत नव्हतं, त्याचा राग होताच. पण खरी धास्ती होती जुमाबेकदादाची. माझा थोरला भाऊ, मधुमेही. परवा त्याचं 'विष' निघालं आणि त्याच दिवशी त्याने इन्सुलिन बंद केलं.

"दादा, हात जोडते, सुई घे."

"बारा वर्षं टोचतेयस. या माणसाने एका बैठकीत साफ केलं. माझं पाणी पाहिलंस? कडक चहासारखं!" एवढं बोलून तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. त्याचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. साखर चढत चालल्याची ही खूण मी ओळखली.

मी तडक शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बुरुलकानबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "सगळ्यांत काळं पाणी कोणाचं?"

"सातिबाल्दी आजोबांचं. गावात तेच वडीलधारे."

"आणि पहिल्या दिवशी?"

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्या एर्मेकचं पाणी आजोबांहून काळं झालं होतं, आणि केवढा तमाशा झाला होता! आमच्याकडे मटणाचा तुकडासुद्धा वयाचा मान बघून ताटात पडतो; मग विषात धाकट्याने पुढे जायचं म्हणजे काय? पहिल्या दिवशी अंदाजाने टाकलेलं 'शुद्धीचं मीठ' दुसऱ्या दिवसापासून वैद्य वय विचारून टबात घालू लागले. आजोबांना तीन चमचे, पोरांना अर्धा.

बाई खुदकन हसल्या. "उद्या माझ्या सासूबाई येतील."

बायकांसाठी मंचावर पडदा होता. वैद्य बाहेरून मीठ घालून टब आत सरकवत.

"सासूबाईंचं वय?"

"शहाऐंशी," पडद्याआडून बाई म्हणाल्या.

चार चमचे पडले. दहा मिनिटांनी टब बाहेर आला, पाणी डांबरासारखं. वैद्यांनी कपाळाला हात लावला. "अरेरे! यकृतात तीस वर्षांची चरबी. गुडघे पार गेलेत. आणि सुनेने फार छळलंय हो!"

"छळलं खरं. सकाळीच केस जाळून खरवडून काढले," असं म्हणत बाईंनी पडदा ओढला. खुर्चीवर परात होती आणि परातीत मेंढीचे चार पाय निथळत होते.

क्लबघर हसून लोळलं. सातिबाल्दी आजोबा तेवढे संतापले. "म्हणजे मेंढी माझ्यापेक्षा काळी?"

"तिला चार चमचे मिळाले, आजोबा. तुम्हाला तीनच."

"यंत्राला अश्रद्धा बाधते!" वैद्य ओरडले.

"मेंढीची श्रद्धा होती वाटतं?"

बाईंनी दोन टब भरले. पहिल्यात मीठ, पण पाय कोणाचेच नाहीत. दुसऱ्यात नदीचं नुसतं पाणी आणि जुमाबेकदादाचे पाय. पहिलं काळं झालं. दुसरं होतं तसंच राहिलं. मग त्यांनी सळ्या उचलून दाखवल्या. त्यातली एक कुरतडल्यासारखी झिजली होती.

"शास्त्रज्ञ विद्युतक्षेत्राने रासायनिक क्रिया घडवतात, हे खरंय. इथेही क्रिया झाली, पण ती लोखंडात झाली, कोणाच्या यकृतात नाही. मिठामुळे वीज जोरात वाहते, सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. तुम्ही तीन दिवस गंज बघून टाळ्या वाजवताय."

वैद्य बॅटरी सोडून पळाले. दादा मात्र टबातल्या स्वच्छ पाण्याकडे बघत बसून राहिला. मी त्याची साखर मोजली. ती माझ्या यंत्राच्या आकड्यात मावेना. एर्मेकच्या गाडीत घालून त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं.

वाटेत त्याने हळूच विचारलं, "सालिमा, माझ्यातून काहीच नाही निघालं?"

"नाही रे दादा."

त्याने मान खाली घातली आणि न सांगता बाही वर सारली.

दादा वाचला. सगळेच वाचत नाहीत, म्हणून हे लिहिलं. पुढच्या वेळी कोणी तुमचं विष काढून दाखवलं, तर औषध सोडण्याआधी एवढंच करा: पाय बाहेर काढा आणि यंत्र पुन्हा चालवायला सांगा.