धीर द्यायला गेलेला भाऊ

हवालदार दशरथ गायकवाडांचा पाय सुरुंगस्फोटात गेला, तेव्हा धाकटा भाऊ बुद्धभूषण हडपसरला परीक्षेचं निमित्त करून बसला होता. इस्पितळात जायची हिंमतच झाली नव्हती. वीस वर्षांनी दादाला आतड्याचा कॅन्सर निघाला, तसं त्यानं जाहीर केलं, “या वेळी मी सोबत असणार!” धीराची चार वाक्यंही त्यानं पाठ केली.

पहिल्या केमोला नर्सनं दादाच्या हातात सुई टोचली आणि बुद्धभूषणच धाडकन आडवा झाला. शुद्धीवर आला तो दादाच्या पलंगावर. दादा सलाइनसकट शेजारच्या खुर्चीत बसून त्याला फाइलनं वारा घालत होता.

“दादा, मी काही कामाचा नाही.”

“कोण म्हणतं? सकाळपासून मी त्या सुईला घाबरून होतो. तू पडलास आणि माझी भीतीच गेली.”

पुढच्या अकराही केमोंना बुद्धभूषण गेला. नर्स आधी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची, मग दादाकडे वळायची. गाठ हळूहळू आटली. “कोणी सांभाळलं दादाला?” असं कुणी विचारलं, की बुद्धभूषण प्रामाणिकपणे सांगायचा, “भिंतीनं. मी फक्त तिच्याकडे बघत होतो.”